मोरव्याचं खळं

भात कापून झाला की हिराबाय मला फोन करते. कशी आहेस, काय आहेस, असलं काही विचारत नाही. "भारे आले गो खल्यावर. येतंस ना?" एवढं बोलते आणि ठेवून देते.

यंदा तिचा फोन आला तेव्हा मी मीरा रोडला बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगखाली उभी होते आणि डोक्यावर बांबूची परांची होती. दुरुस्ती चाललीय. इथला खारा वारा सिमेंटच्या आतल्या सळयांपर्यंत पोचतो, सळया गंजून फुगतात, मग एक दिवस छज्ज्याचा तुकडा खाली येतो आणि सोसायटीची मीटिंग भरते. ही इमारत माझ्या लग्नानंतर बांधलेली आहे. वयानं माझ्यापेक्षा लहान. तिला कुणी मोडकळीला आलेली म्हणत नाही. तिचं 'रिपेअरिंग' असतं.

ऑक्टोबरचं ऊन तेव्हा रस्त्यावर असं पडलं होतं की गाड्यांच्या काचांकडे बघवत नव्हतं. या उन्हाला मीरा रोडमध्ये सगळेच शिव्या देतात. मी देत नाही. या उन्हात भाताच्या ओंब्या वाळतात, आणि ओंब्या वाळायला लागल्या की मला तीन वर्षांपूर्वीचा तो एक हंगाम आठवतो. नुसता आठवत नाही, तळहातांना जाणवतो. चुन्यानं फुटलेल्या बोटांची आग, पेंढ्याची खाज, आणि उन्हातून कोठारात शिरल्यावर दंडावर येणारा तो गारवा.

तेव्हा मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम करायचे. वीस वर्षं तेच. आमचे सर वाईट माणूस नव्हते, घाईचे होते. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि भाईंदरजवळच्या मोरव्याचा पत्ता दिला. "सुलभा, दोन दिवसांचं काम आहे. जुनं दगडी बांधकाम आहे, शेतघर. माप घे, फोटो काढ आणि रिपोर्टमध्ये 'मोडकळीस आलेलं, धोकादायक' एवढं लिहून टाक. बाकी मी बघतो."

"बघितल्याशिवाय कसं लिहू, सर?"

"अगं, शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे. आणखी काय असणार?"

मोरव्यात गल्ल्या अरुंद आहेत. रिक्षावाल्यानं मला तलावापाशी सोडलं आणि हिंदीत सांगितलं की पुढे गाडी वळत नाही. दोन घरं ओलांडून गेले आणि समोर काळ्या दगडाची भिंत आली. माझ्या डोक्याहून दोन हात उंच. मधे बैलगाडी जाईल एवढं दार, आणि दारातून येणारा आवाज. धप्. धप्. धप्. बायका फळीवर भाताच्या पेंढ्या झोडत होत्या, आणि चारी बाजूंच्या दगडांवर आपटून प्रत्येक आवाज दोनदा ऐकू येत होता.

आतमध्ये चौक होता, सारवलेला, म्हणजेच खळं. उत्तरेला भाताचं कोठार, पूर्वेला गोठा, दक्षिणेला राहायची खोली आणि पडवी, आणि पश्चिमेला नुसती भिंत. सगळं दगडात, सगळं एका हातानं एका वेळी बांधल्यासारखं. झोडणाऱ्या बायकांत एक साठीच्या पुढची, काटक, कासोटा घातलेली बाई होती. तिनं माझ्या हातातली टेप बघितली आणि हातातली पेंढी तशीच वर धरून म्हणाली, "मापाला आलीस? घे माप. पन भातावं पाय नको ठेवूस."

ही हिराबाय. लग्न केलेलं नाही. भावाच्या मागे शेत तिनं केलं, गुरं तिनं सांभाळली, आणि या खळ्यात ती एकटी राहते. जागेत अर्धा हिस्सा तिचा, अर्धा भावाच्या मुलाचा, संदेशचा. संदेश भाईंदरला टॉवरमध्ये राहतो, बँकेत नोकरी करतो. त्याला जागा विकायची होती आणि हिराबाय सही देत नव्हती. बांधकाम धोकादायक ठरलं, तर मात्र तिच्या सहीची वाट न बघता ते रिकामं करून पाडता येणार होतं. माझ्या दोन दिवसांच्या कामाचा अर्थ हा होता. तो मला सरांनी सांगितला नव्हता. संदेशनंच सांगितला, अगदी साधेपणानं. माझ्यासोबत टेपचं दुसरं टोक धरून तोच फिरत होता.

"मी काय राक्षस नाहीये, मॅडम," तो म्हणाला. "आत्याला माझ्याकडे नेतोय. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. इथे काय आहे?"

इथे काय आहे ते मी मापत गेले. कोठाराची भिंत बावीस इंच. बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड, आणि दर चार-पाच फुटांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार घातलेला, दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा. जोतं कंबरेएवढं उंच, म्हणजे पावसाळ्यात चौकात पाणी आलं तरी भाताला ओल लागायला नको. खिडक्या नाहीतच. छपराच्या खाली हाताच्या पंजाएवढे झरोके, आतल्या बाजूला रुंद आणि बाहेर निमुळते. वारा आत यावा आणि पाऊस येऊ नये, एवढ्यासाठी. गोठ्यातल्या दगडी गव्हाणीच्या कडा गुरांच्या मानांनी इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की मी टेप बाजूला ठेवून नुसता हात फिरवत बसले. गुरं जाऊन बरीच वर्षं झाली होती. गव्हाणीत आता सुकवायला ठेवलेलं वालाचं बियाणं होतं.

चौकाच्या जमिनीला डोळ्यांना न दिसणारा उतार होता. मी सपाटी तपासायची पाण्याची नळी लावून बघितला तेव्हा कळला. चारी कोपऱ्यांतून पाणी दाराच्या उंबऱ्याखालच्या मोरीकडेच जाणार, दुसरीकडे कुठे नाही. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात घोटाभर पाणी साठतं, आणि ते डिझाइन करणाऱ्याकडे कॉम्प्युटर होता.

पश्चिमेची भिंत मात्र बाकीच्यांपेक्षा हातभर बुटकी होती. संदेशनं तिकडे बोट दाखवलं. "ही बघा, पडलीय वरून. फोटो घ्या हिचा."

मी शिडी लावून वर चढले. वरचा थर पडलेला नव्हता. शेवटचे दगड सपाट घडवलेले, बाहेरच्या अंगाला उतार दिलेले, सांध्यांत चुना भरून बोटानं गुळगुळीत केलेला. ती भिंत बुटकीच बांधली होती. का, ते मला कळेना.

खालून हिराबाय बघत होती. तिनं सूप उचललं, चौकाच्या मध्यावर गेली, झोडलेला भात सुपात घेतला आणि हात डोक्यावर नेऊन हळूहळू सोडला. खाडीकडून आलेला वारा त्या बुटक्या भिंतीवरून आत उतरला आणि त्यानं फोलपटं, तूस सगळं उडवून गोठ्याच्या भिंतीशी नेऊन टाकलं. खाली नुसते दाणे पडले.

"भित उंच केली तर वारा कुटून यील?" ती वर बघत मला म्हणाली.

मी शिडीवर तशीच थांबले. बांधणाऱ्यानं आधी वाऱ्याची दिशा बघितली होती, मग भिंतीची उंची ठरवली होती. आणि मला त्या भिंतीखाली 'पडझड' असं लिहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ओळंबा नेला. दोरी, टोकाला पितळेचं वजन, बस. चारही बाजूंना, दर सहा फुटांवर लावला. दोरी आणि दगड यांच्यातलं अंतर वर जेवढं तेवढंच खाली. एकाच जागी फसलं. कोठाराच्या वायव्य कोपऱ्यात पिंपळानं मूळ घातलं होतं आणि तिथली सहा फूट भिंत दोन इंच बाहेर आली होती. मी ती जागा खडूनं आखली. जे आहे ते आहे. पण सहा फूट म्हणजे सगळं खळं नव्हे.

जुन्याबद्दल मला प्रेम बिम नाही, हे इथे सांगून टाकते. आमच्या घरात जुन्या गोष्टींचं कौतुक कुणी केलंच नाही. कशाचं करणार? महाडच्या बाजूला आमचं गाव. गावाबाहेर आमची वस्ती, कुडाची घरं, एका पुरात गेली. जुना झोपाळा, जुनी तांब्या-पितळेची भांडी, माजघरातला अंधार, असल्या आठवणी काढून लोक डोळे पुसतात तेव्हा मला त्यात काही वाटत नाही. आमच्याकडे जपण्यासारखं जुनं एकच होतं, बाबासाहेबांचा फोटो. तो माझ्या आजीनं मुंबईहून आणवला होता आणि आजही आमच्या हॉलमध्ये आहे. म्हणून दगडी खळं वाचवायला मी निघेन, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

माझे वडील गवंडी. उभं आयुष्य मीरा-भाईंदरच्या सिमेंटात गेलं, पण हात शिकला होता लहानपणी चुन्यावर. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते, गुडघे गेलेले, माझ्याकडेच राहायचे. त्या संध्याकाळी मी त्यांना खळ्याचं सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चुन्यात आहे की मातीत?"

"चुन्यात."

"शिंपल्यांचा?"

"ते कसं कळणार, बाबा?"

"नखानं खरवड. शिंपल्याचे कण चमकतील." मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्या गावी खोताचं असंच खळं होतं. त्याची भिंत माझ्या बापानं आणि काकानं रचली. रचून झाली त्या दिवशी दोघं बाहेर आले, ते परत आत गेले नाहीत. जाऊ दिलंच नाही. मग दरवर्षी भात झोडायच्या वेळी दाराबाहेर उभं राहायचं आणि उपरण्यात जे टाकतील ते घ्यायचं. मी बापाचं बोट धरून उभा असायचो. उन्हात."

हे त्यांनी मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. मला राग आला. "मग पाडू दे की हे! कशाला वाचवायचं असलं काही?"

बाबा माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "का पाडू दे? माझ्या बापाचं काम आहे ते!"

"हे मोरव्याचं आहे, बाबा. तुमच्या गावचं नाही."

"इथलंसुद्धा कुणाच्या तरी बापानंच रचलं ना? त्याचं नाव कुठे आहे? सातबाऱ्यावर आहे? नाही ना? भिंतीतच आहे ते. भिंत गेली की ते पण गेलं. खोताचं काय जाणार आहे त्यात? तो जमीन विकून मोकळा."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर मोरव्याला आले. दारापाशी आले आणि थांबले. आत झोडणी चालू होती. हिराबायनं हाक मारली, "बाहेर का उभे? या की."

बाबांनी दाराच्या दगडावर हात ठेवला. "आमच्या गावात आम्हाला असल्या दारातून आत घेत नसत," ते सरळ म्हणाले. बायकांचे हात थांबले.

हिराबाय उठली, पदराला हात पुसत दारापर्यंत आली. "आमचे बी न्हाय घ्यायचे," ती म्हणाली. "माजा आजा तं लय कडक. खोटं कशाला बोलू?" तिनं बाबांच्या डोळ्यांत बघितलं. "त्यो मेला. मी हाय. या आत."

तिनं माफी मागितली नाही आणि बाबांनीही ती मागण्याची वाट बघितली नाही. खळ्यावर पायताण घालून जात नाहीत, म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि कुणाकडेही न बघता चौक ओलांडून थेट कोठाराच्या भिंतीकडे गेले. आधी तळहात टेकला. मग नखानं सांधा खरवडला. "शिंपल्यांचाच आहे," ते म्हणाले. अर्धा तास ते भिंतीला हात लावत फिरले. वायव्य कोपऱ्याशी पोचल्यावर चिडले. "एवढं मूळ वाढेपर्यंत काय करत होता तुम्ही?" हिराबायला असं कुणी बोललं नसावं. ती हसायला लागली.

सरांना मी रिपोर्ट दिला. 'बांधकाम ओळंब्यात आहे. वायव्य कोपऱ्यातील सहा फूट भागाला दुरुस्ती आवश्यक.' सरांनी वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"सुलभा, तू इमोशनल होतेयस."

"सर, ओळंब्याला इमोशन नसतं."

"क्लायंटला काय हवंय ते तुला माहितीय. एक शब्द बदलायचा आहे फक्त."

"तो बदलला तर एका बाईचं घर जाईल."

"नाही बदललास तर तुझी नोकरी जाईल." ते ओरडले नाहीत. दमल्यासारखे म्हणाले. मी माझी पेन्सिलींची पेटी, ओळंबा आणि डबा घेतला. वीस वर्षांनंतर ऑफिसात माझं स्वतःचं एवढंच निघालं. जिना उतरले. खाली रस्त्यावर उन्हात उभी राहिले आणि मला भूक लागली. कडकडून. कितीतरी दिवसांनी. कोपऱ्यावर दोन वडापाव खाल्ले.

रिपोर्ट दुसऱ्या कुणीतरी लिहिला, सरांना हवा तसा. तो पोचल्यावर पाहणीचा दिवस ठरला. पाहणीला महापालिकेकडून एक तरुण इंजिनियर बाई आल्या. मी माझे नकाशे घेऊन दारात उभी होते. आता मी कुणाचीच नव्हते, त्यामुळे कुणी मला थांबवू शकत नव्हतं.

"मॅडम, सगळंच पडायला आलंय," संदेश म्हणाला.

"मंग मी कशी न्हाय परली आजून?" हिराबाय पडवीतून म्हणाली.

त्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. मग माझा ओळंबा मागितला आणि स्वतः शिडीवर चढल्या. चारी भिंती बघायला त्यांनी दुपार घालवली. खाली आल्या तेव्हा कपाळावर तूस चिकटलं होतं. "कोपरा खरंच धोकादायक आहे," त्या म्हणाल्या. "बाकी ठीक आहे. एका महिन्यात कोपरा नीट करा, मी परत बघायला येईन. नाही झालं तर कोठार उतरवावं लागेल. आणि सिमेंट नको. जुन्या चुन्यावर सिमेंट चढवलंत तर आणखी फुटेल. पण चुन्याचे गवंडी आता मिळायचे कुठे?"

"मिळतात," बाबा म्हणाले. ते गव्हाणीच्या कडेवर बसले होते. "मी आहे."

तो नोव्हेंबर. दिवाळी कधी आली आणि गेली ते मला आठवत नाही. आठवतं ते हे की वसईकडून भट्टीचा चुना आणला, गोठ्यामागे खड्डा करून त्यात पाणी सोडलं, आणि तो खदखदून उकळायला लागला तेव्हा झोडणीच्या बायका तोंडावर पदर धरून लांब पळाल्या. मग ओल्या गोणपाटाखाली तो मुरत ठेवला. हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी. बाबा रोज बोटावर घेऊन चाखल्यासारखे बघत आणि म्हणत, "अजून नाही." मला मुदतीचे दिवस दिसत होते. "बाबा, वेळ नाहीये!" "त्याला सांग तसं," ते खड्ड्याकडे बोट दाखवत.

कोपरा उतरवताना प्रत्येक दगडावर मी खडूनं आकडा घातला आणि नकाशात तोच आकडा लिहिला. त्र्याऐंशी दगड. ते चौकात पेंढ्यावर ओळीनं मांडले, भिंतीत होते त्याच क्रमानं. असं वाटत होतं की भिंत दमून आडवी झालीय. पिंपळाची मुळं आम्ही हातांनी उपसली. एक मूळ जोत्याच्या तळापर्यंत गेलं होतं. ते ओढायला चार बायका लागल्या आणि निघालं तेव्हा चौघीही एकमेकींवर पडल्या. मग इतक्या हसल्या की कुणालाच उठता येईना.

पडवीत बसून बाबा सांगत आणि मी करत होते, हे फार तर चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली थापी काढून घेतली. गुडघ्याला फडकं बांधून ते परांचीवर चढले. "उतरा, बाबा," मी म्हटलं. "तू खालून दगड दे," ते म्हणाले. त्यांचा हात मी लहानपणी सिमेंटात चालताना बघितला होता, भराभर, मुकादमाच्या आवाजाखाली. चुन्यात तो वेगळाच चालत होता. सावकाश. प्रत्येक दगड तीनदा फिरवून बघायचे, फटीत दगडाची लहान चिप सारायचे, हातोडीच्या दांड्यानं ठोकून कान देऊन ऐकायचे. आवाज भरीव आला की पुढचा.

शेवटच्या आठवड्यात घात झाला. कोपऱ्यावर दोन भिंती एकमेकींत बांधून धरणारा लांब दगड वर चढवताना मधोमध दुभंगला; मुळानं तो आतून कधीच फोडला होता. साडेतीन फूट लांबीचा दगड आता कुठून आणायचा? खाणी बंद, आणि असला दगड घडवणारा कुणी नाही. रविवार होता. संदेश आला होता, काम कुठवर आलंय ते बघायला. किंवा कुठे अडलंय ते. तो आमचं बोलणं ऐकत बराच वेळ उभा राहिला.

"आत्याचा धुण्याचा दगड आहे ना मागे," तो शेवटी म्हणाला. "एवढाच असेल."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हिराबाय म्हणाली, "आनि धुनी कशावं धुऊ?"

"मशीन देतो तुला, आत्या."

बाबांनी काठीनं माप घेतलं. दोन बोटं जास्त होतं. दगड घडवायची टाकी घेऊन त्यांनी ती काढली. पण दगड उचलायचा कुणी? बायकांनी हात घातले, हलला नाही. संदेशनं घड्याळ काढून खिशात ठेवलं, पँट वर केली आणि एका बाजूला खांदा दिला. दुसऱ्या बाजूला आम्ही पाचजणी. दगड परांचीवर चढला, जागेवर बसला. बाबांनी दांड्यानं ठोकलं आणि मान हलवली.

संदेशचा शर्ट खांद्यावर फाटला होता. तो मला म्हणाला, "मी अजून विकायचंच म्हणतोय, मॅडम. वजन होतं म्हणून उचललं फक्त."

"मग आम्ही कुठे काय म्हटलं?" मी म्हणाले.

इंजिनियर बाई ठरल्या दिवशी आल्या. ओळंबा त्यांनी स्वतःचा आणला होता. वरून सोडला, खाली वाकून बघितलं, पुन्हा सोडला. "कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं?" त्यांनी विचारलं. बाबांनी दाखवलं नाही. "शोधा," म्हणाले. त्यांना सापडलं नाही. त्यांनी तिथेच, खळ्यात बसून 'बांधकाम सुरक्षित' असा शेरा लिहिला आणि एक प्रत हिराबायच्या हातात दिली.

त्या दुपारी हिराबायनं नव्या तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि बोंबलाचं कालवण. ताटं पडवीत मांडली होती. बाबा पडवीत बसले नाहीत. त्यांनी आपलं ताट उचललं, चौकाच्या बरोबर मध्यावर नेलं आणि उन्हात मांडी घालून बसले. कुणाला काही बोलले नाहीत. हिराबायनं ते बघितलं, आपलंही ताट उचललं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली. मग सगळ्याच गेलो. बाबांनी दोन भाकऱ्या संपवल्या आणि ताट पुढे केलं. "अजून वाढा," ते म्हणाले. मोठ्यानं. दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

गेल्या वैशाखात बाबा गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. हिराबाय आली होती, पांढरं लुगडं नेसून. आमच्या हॉलमध्ये वंदना होईपर्यंत भिंतीला टेकून बसली, शेवटपर्यंत. संदेश अजून विकायचंच म्हणतो. नवे नवे कागद घेऊन येतो. हिराबाय ते वाचायला घेते, चष्मा सापडत नाही म्हणते आणि त्याला जेवायला वाढते. ती गेल्यावर त्या खळ्याचं काय होईल ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की आज ते उभं आहे आणि त्यात भात झोडला जातोय. कायमचं काय टिकतं, असं मला ऐकवणारे पुष्कळ भेटतात. त्यांची बिल्डिंग पंधरा वर्षंसुद्धा टिकत नाही, आणि ते मला शंभर वर्षांच्या भिंतीचा हिशेब विचारतात.

मी पुन्हा कुणाच्या ऑफिसात गेले नाही. जुनी दगडी बांधकामं मापते, कोपरे उतरवते, पुन्हा रचते. चारजणी आहोत आता. दोघी मोरव्याच्याच, झोडणीवाल्या. लोक बोलावतात, बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी पाडायचं ठरलेलं असतं तेव्हा बोलावतात.

परवा मोरव्याहून परतताना काशीगावातून बोलावणं होतं, म्हणून तिकडे गेले. हायवेच्या आवाजातच एक दगडी गोठा आणि पुढे भिंतीचं अंगण. मालक सत्तरीचे, हातात कोयता, अंगावर गंजीफ्रॉक. शेजाऱ्यांनी गोठा कलल्याची तक्रार केली होती. मी चारी बाजू बघितल्या. यावेळी शेजारी खरं बोलत होते. ट्रकांच्या धक्क्यानं रस्त्याकडची बाजू पायापासून सुटली होती. तिथले दगडसुद्धा भुसभुशीत झाले होते. मला खोटं बोलून त्यांना बरं वाटवता आलं असतं. पण खोटं लिहायचं नाही म्हणूनच मी एकदा नोकरी सोडली होती.

"काका, सगळा नाही वाचायचा," मी म्हटलं. "रस्त्याकडचा भाग उतरवावाच लागेल. अर्धा राहील."

एक ट्रक गेला, मग दुसरा. जमीन थरथरली. त्यांनी कोयता दाराला अडकवला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"अर्धा तं अर्धा," ते म्हणाले. "कंचा अर्धा ठेवाचा, त्यो दाव."